तेलाची परात

दाबोळीच्या हँगरात मी लागलो
तेव्हाच ती म्हातारी होती.
कायतान फुर्ताद म्हणाला, हात लाव.
इथं, पोटाखाली.
पत्रा गरम होता, आत कुणीतरी
नुकतंच बोलायचं थांबल्यासारखा.
म्हणाला, डकोटावर विश्वास ठेव,
पण पांढरा शर्ट घालून तिच्याखाली उभा राहू नकोस.

तेल गळायचं. नेहमीच.
बाद झालेल्या पत्र्याची एक परात मी ठोकून केली,
रोज संध्याकाळी उजव्या इंजिनाखाली सरकवायचो.
गळतंय तोवर झोप, कायतान सांगायचा,
थांबलं की मला उठव.

लॉगबुकात माझ्याआधी सतरा हस्ताक्षरं.
पहिली शाई तपकिरी झालेली, अक्षर उजवीकडे कललेलं,
कुठल्या तरी वाळवंटातलं गाव, मला न वाचता येणारं.
मग एक गोल, सावकाश हात,
मग कुणी घाईचा,
मग मी, मुंग्यांच्या रांगेसारखा.

काय नाही नेलं तिनं.
पुरातल्या लोकांना तांदूळ. टपाल. छत्र्या बांधलेली पोरं.
एकदा एक लांब पेटी, वर झेंडा,
त्या दिवशी पाना हातातून पडला तरी कुणी शिवी दिली नाही.
एकदा साहेबांचे मानकुराद.
नंतर तीन आठवडे पोरं
आंब्याच्या वासातून आभाळात उड्या मारत होती.

डावा पंख बदलला त्या वर्षी माझं लग्न.
शेपूट बदललं तेव्हा थोरली जन्मली.
इंजिनं किती, ते मोजणं सोडून दिलं.
मी विचारलं, मग ही तीच कशी?
कायताननं दारापाशी नेलं.
ओंजळभर पोचा होता पत्र्यात.
हा बघ, म्हणाला, हा कुणी बदललेला नाही.
पोचा कसा पडला, ते प्रत्येक फिटर
वेगळं सांगायचा. कायतान स्वतः दोन तऱ्हांनी.

बोगमाळोचं वारं मिठाचं.
मीठ आधी रिबीटांच्या डोक्यांत शिरतं,
पांढरी भुकटी दिसते, म्हणजे उशीर झालेला असतो.
म्हणून रोज गोड्या पाण्यानं धुवायची,
म्हशीला धुवावं तशी, कानामागं, काखेत.
आमच्या चाळीत तेव्हा नळ दिवसाआड.
सुमन टँकरपाशी कळशी घेऊन उभी,
आणि मी हजार लिटर
विमानावर ओतून घरी यायचो.
हे मी तिला सांगितलं नाही.

शेवटच्या दिवशी ती जुवारीवरून एक फेरी मारून आली.
उतरली. पंखे थांबले.
गार होताना इंजिन टिकटिकतं,
ते संपेपर्यंत मी बसून राहिलो.
सवयीनं परात सरकवली.
तिसऱ्या दिवशी परात कोरडी.
उठवायला कायतान कुठं होता,
तो चिखलीच्या सिमितेरीत, दोन पावसाळे झालेले.

आता तिला बघायला तिकीट आहे.
नातवाचं अर्धं, माझं पूर्ण.
रंग नवा, चाकांखाली सिमेंटचे ठोकळे.
दारापाशी गेलो, पोचा नाही.
लांबी भरून, घासून, गुळगुळीत करून
वर रंग मारलेला.
कुणीतरी मन लावून केलेलं काम, ते कळतं.
मी बोटानं टिचकी मारली,
चहूकडे पत्रा वाजला,
तेवढ्या ओंजळीत नाही.
राखणदार म्हणाला, आजोबा, हात लावू नका.

परात घरीच आहे.
सुमन तिच्यात सोलं वाळवते,
खाली केळीचं पान घालून.
आंबट पत्र्याला खातं, हे मीच तिला शिकवलं.
काल पान पसरताना मी तिला पाण्याचं सांगून टाकलं.
माहीत होतं, ती म्हणाली,
तुमच्या विजारीचे पाय रोज ओले असायचे.
आणि सोलं उलटवायला लागली,
एकेक, पाठीवरून पोटावर.